परातीतली अक्षरं

आई, शेजारच्या आजीची ती नात तुला आठवत असेलच. तिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि तेवढे महिने ती आपल्याच स्वयंपाकघरात पडीक असायची. ती आता राहुरीजवळच्या माझ्या शाळेत बदलून आली आहे, शिक्षिका म्हणून. पहिलीचा एक वर्ग माझ्याकडे, भिंतीपलीकडचा तिच्याकडे. आल्या दिवशीच तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मला सरांच्या आईनं वाचायला शिकवलं." सगळे कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. मीही हसलो, पण आतून असा जळलो की विचारू नकोस.

माझा वर्ग गाजतो, आई. क का कि की सुरात सुरू झालं की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकतात. तिच्या वर्गात मात्र नुसती कुजबुज. मला वाटलं, हिचं काही खरं नाही. मग गेल्या आठवड्यात केंद्रप्रमुख वर्ग तपासायला आले. मी माझी सगळ्यात चुणचुणीत मुलगी उभी केली. ती ओळीवर बोट फिरवत घडाघडा वाचू लागली. पान उलटताना चुकून दोन पानं एकदम उलटली, आणि पोरीने न अडखळता मधल्या, न दिसणाऱ्या पानावरचा धडा म्हणून दाखवला! साहेबांनी पुस्तक मिटलं. मग ते शेजारच्या वर्गात गेले आणि कुठल्याच धड्यात नसलेला 'मसाला' हा शब्द फळ्यावर लिहिला. शेवटच्या रांगेतला एक पोरगा म, सा, ला करत चाचपडत तिथवर पोचला आणि ओरडला, "मसाला! आमच्या घरी लई तिखट करत्यात!" साहेब पोट धरून हसले. मी दारात उभा होतो. मला त्या पोराचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटला तो हेवाच.

मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्याकडे आली. "सर, पोरं हुशार हायेत तुमची, नुसती सुरात अडकलीत. चार-पाचच अक्षरं द्या, अन् त्याचे लगेच शब्द करायला लावा. बाई तसंच करायच्या." बाई तसंच करायच्या! माझ्या आईचं ती मला सांगत होती. मी म्हटलं, "माहीत आहे मला." कुठलं माहीत असणार? तुझ्या वर्गात मीही तुला बाईच म्हणायचो. स्वतःच्या पोराला झुकतं माप देते असं गावाने म्हणू नये म्हणून तू मला कधी एकट्याला उभं केलंच नाहीस. मी घोळक्यात सूर धरायचो, सगळी पुस्तकं मला तोंडपाठ होती, आणि मला वाचता येत नव्हतं हे कुणालाच कळलं नाही. तुलासुद्धा नाही.

अजून दिसतं मला, संध्याकाळी तू चुलीपुढे बसतेस. भाकरीचं पीठ मळण्याआधी परातीत पसरतेस आणि बोटाने एक अक्षर काढतेस. ती तुझ्या मांडीला चिकटून बसलेली. "हे काय?" "र." "अन् हे?" "स." "आता जोडून म्हण. घाई न्हाई." मी जवळ आलो की तू मान वर न करता म्हणतेस, "तू बाहेर बस बरं, तुला सगळं येतं." मग मी बाहेरच्या खोलीत जाऊन मोठ्याने पाढे म्हणतो, तुला ऐकू यावेत म्हणून.

काल न राहवून मी तिला विचारलं, "बाई माझ्याबद्दल कधी काही बोलायच्या का?" ती डब्याचं झाकण लावता लावता थांबली. "बोलायच्या की. म्हणायच्या, माझ्या लेकाला आपसूक आलं. त्याच्याकडं बघावंच लागलं न्हाई." तिला वाटलं, मला बरं वाटेल. मी मान हलवली आणि हात धुवायला उठलो.

उद्यासाठी मी पोषण आहाराच्या खोलीतून परात मागून ठेवली आहे. पिठाऐवजी बारीक वाळू चाळून घेतली आहे. त्या चुणचुणीत मुलीपासूनच सुरुवात करणार आहे, पण वर्गाचं दार लावून. भिंतीपलीकडून ती डोकावली आणि "अगदी बाईंसारखं!" म्हणाली, तर मला ते सोसणार नाही. माझा स्वभाव एवढाच आहे, आई. पन्नाशीला आलो तरी सुधारला नाही.

हे तुला पाठवायचं कुठे? पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मला आपसूक आलं नव्हतं. तिसरीत असताना एकदा एसटी स्टँडवर उभा होतो. समोरच्या गाडीच्या पाटीवरची अक्षरं मी एकेक करून लावली, आणि पाटी एकदम बोलली. आयुष्यात पहिल्यांदा. कुणी आधी म्हणून दाखवलं नव्हतं. तुला सांगायला धावत घरी आलो, धापा टाकत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तेवढ्यात ती ओरडली, "रस! बाई, रस हाय!" आणि तू पिठाच्या हातांनी तिचे गाल धरलेस. मग माझ्याकडे न बघताच विचारलंस, "काय रे?" मी म्हटलं, "काही नाही."

शेवगाव होतं, आई. पाटीवर शेवगाव लिहिलं होतं.