अमावास्येचं लिंबू

मंगळवार, अमावास्या

आज बाबांना सांगून टाकलं. सांगायला नको होतं का?

बाल्कनीत रोझमेरीच्या कुंडीपाशी मिठाचं रिंगण करून त्यात लिंबू ठेवलं होतं. दोन वर्षं मी चंद्र, माती, झाडं यांचीच पूजा करते, मनातल्या मनात स्वतःला चेटकीण म्हणते. घरात कुणाला पत्ता नाही. ऑफिसातून आले तर स्वयंपाकाच्या गौरम्मा दारातच म्हणाल्या, "अक्का, कुणीतरी करणी केलीय. सर ऐकत नाहीत."

बाबा ओट्याशी त्याच लिंबाचं सरबत करत होते. साताऱ्याला मास्तर असताना चौकातली उताऱ्याची लिंबं उचलून ते मुलांना असंच सरबत पाजायचे.

"घे, करणीचं सरबत. काय शेजारी आहेत तुझे! म्हणे इंजिनिअर."

शेजाऱ्यांवर आळ जाऊ देववेना. "बाबा, ते मी ठेवलं होतं."

"तू? कशासाठी?"

"उद्या तुमचा बायोप्सीचा रिपोर्ट आहे."

बाबांनी पुढे केलेला पेला मागे घेतला, सावकाश सगळं सरबत प्यायले आणि खोलीत गेले.

तेव्हापासून स्वतःलाच विचारतेय. लिंबू श्रद्धेनं ठेवलं की भीतीनं? नुसती भीतीच असेल, तर हा मार्ग माझा कसा? आणि चौकातली ती लिंबंही कुणाच्या तरी आजाऱ्यासाठीच ठेवलेली असणार. तेव्हा मीही हसत हसत प्यायले होते.

आत्ता मीठ आवरायला बाल्कनीत गेले. गौरम्मा तर तिकडे फिरकल्याही नव्हत्या. पिळलेल्या लिंबाच्या दोन्ही फोडी रिंगणात परत ठेवलेल्या होत्या, अगदी मधोमध.