गरम गोटे आणि माझं मनगट

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाजली! आई भाजली, आणि माझ्याच हातानं.

आई म्हणजे माझी सासू. तिच्या पोटऱ्या ओढतात, म्हणून रविवारी तिच्या पायाले गोटे लावले होते. आज ती आंगणात पाय धुऊन राहिली होती, तर डाव्या तळपायाले हा एवढा फोड! विचारलं तर म्हणे चप्पल लागली असेल. चप्पल अशी गोल लागते? गोट्याच्याच मापाचा फोड आहे तो.

तेलीबांध्याच्या आमच्या स्पामधी गोट्यांचं काम मी एकटीच करते. काळे गुळगुळीत गोटे गरम पाण्यातून काढायचे, आधी आपल्या मनगटावर टेकवायचे, मगच बाईच्या अंगावर. आजवर एकही बाई दचकली नाही. आणि घरी गॅसवर गंजात पाणी तापवून आपल्याच माणसाले भाजवलं. मनगटावर टेकवला होता, पक्कं आठवते. जास्त तर नाही ना, असं तिले विचारलंही होतं. ठीक आहे म्हणाली.

१३ नोव्हेंबर

मग मनगटाले समजलं काहून नाही? दिवसभर डोक्यात हेच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नणंद आली अभनपूरहून. चेतना माझ्याशी एरवी मराठी बोलते, भांडायचं असलं की हिंदी. फोड पाहिला अन् सुरू झाली — "भाभी, रोज गरम पत्थर पकड़-पकड़के आपके हाथ सुन्न हो गए हैं।" आई मधी पडली, तिले बोलू नको, माझाच पाय हलला म्हणे. चेतनानं ऐकलंच नाही.

राग आला. पण रागाहून भीती जास्त. खरंच मेला असेल हात तर? चहाचा स्टीलचा ग्लास मी तशीच उचलते, नवऱ्याले, यशदीपले, रुमाल लागतो. तुझी चामडी तव्याची आहे म्हणून तो नेहमी चिडवते मले.  मले या हातांशिवाय दुसरं येतेच काय?

१७ नोव्हेंबर, सोमवार

चौबे कॉलोनीच्या वकिलीणबाई आल्या होत्या, माझ्या जुन्या गिऱ्हाईक. पहिला गोटा मनगटावर लावला, पुन्हा लावला, मग गालाले लावून पाहिला. भरवसाच वाटेना! इतका वेळ हातात धरून बसली की तो निवून गेला. बाई म्हणाल्या, ये तो ठंडा है. इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. स्पाच्या मालकीण निवेदिता मॅडम दारातून पाहून राहिल्या होत्या.

संध्याकाळी मीच जाऊन सांगितलं, काही दिवस मले गोटे देऊ नका, मनगट दुखते. खोटं बोलली. खरं सांगायची हिंमत कुठून आणू? मॅडम म्हणाल्या आराम कर, पण स्टोन मसाजवाल्या बाया थांबत नाहीत, नागपूरची एक पोट्टी काम विचारून राहिली आहे, तिले बोलवावं लागेल.

मले डोक्याची तेलमालिश दिली. नवी लागली होती तेव्हा हेच काम होतं.

१८ नोव्हेंबर

तेल. तेल. तेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फोड फुटला. जखम सुकायचं नाव नाही, काठ काळा पडून राहिला आहे. आई मात्र दिवसभर घरात फिरते, भाजी निवडते, शेजारी जाऊन येते. दुखते का विचारलं तर थोडंसं म्हणते. दवाखान्याचं नाव काढलं की हिले लगेच काहीतरी काम आठवते. मी खूप पाठीस लागली, तेव्हा यशदीप सोमवारी सुटी घ्यायले तयार झाला.

जेवताना आई म्हणाली, भावना, या रविवारी गोटे लावशील ना?  ताटावरून उठली मी. न्हाणीघरात जाऊन रडली. ही बाई माझ्यावर रागवत काहून नाही? दोन शब्द तिनं बोलले असते तर बरं वाटलं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरनं आधी साखर तपासली. भयंकर वाढलेली! आम्हाले कोणाले पत्ताच नव्हता. मग आईले डोळे मिटायले लावले, अन् पायाले कापूस लागला की सांगा म्हणाले.

आई म्हणाली, हव, लागला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, हव, समजलं.

कापूस डॉक्टरच्या हातातच होता. त्यांनी तो पायाले लावलाच नव्हता.

साखरेनं पाय सुन्न झाले, अशा पायाले बेताचा गोटाही भाजते म्हणाले. उद्या भरती करायचं आहे. येताना ऑटोत विचारलं, कधीपासून समजत नाही?  आई म्हणाली, "लय दिवस झाले. पण तू थकून यायची अन् इतक्या हौसेनं पाय मांडीवर घ्यायची. तुले कसं सांगू पोरी, मले तुझा हातही समजून नाही राहिला म्हणून?"