तोंडवलीच्या पडवीतला पत्ता

मी, पेद्रू सांतान आल्मेडा, वय ७८, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त, राहणार तोंडवली, तालुका मालवण, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पाचवीच्या कविता अजून पाठ आहेत, हा माझा दाखला.

१. राहते घर, विहीर व सात माड मुलगी वेनेसा हिला.

२. पक्कड शेजारच्या दत्तप्रसादाला परत. १९९४ पासून माझ्याकडे आहे. त्याने एकदाही मागितली नाही, हा त्याचा टोमणाच.

३. 'तारी', म्हणजे नावाडी, हा प्रोग्राम मी व जामसंड्याचा विनीत परब यांनी नऊ वर्षे लिहिला. वर्गातला संगणक इंटरनेटवर काही मागतो, तेव्हा तारी मध्ये उभा राहून मागणी पलीकडे नेतो, उत्तर आणतो, आणि आणलेले पान पुढच्या मुलासाठी जपून ठेवतो. एक्सचेंजमध्ये मी वेगळे काय केले? प्रोग्राम मुक्तस्रोत आहे. कोणीही घ्यावा, बदलावा. म्हणून तो कोणाच्या नावे करत नाही.

४. त्याची माहितीपुस्तिका मी पादाकुलक वृत्तात लिहिली, शिक्षकांना पाठ व्हावी म्हणून. विनीतने सहा पाने गाळली. "काकांनू, लोकांका बटण खंय आसा ता कळूक होया. यमक नको." यमक चांगले होते. त्याने ठेवलेल्या एकुलत्या कडव्यात मात्र चूक होती, आणि ती माझी. संगणकाने तारीला कुठे गाठायचे, त्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे उदाहरण त्यात होते; उदाहरणात खोटा पत्ता द्यायचा असतो. माझा तारी ज्यावर चालतो त्या पडवीतल्या यंत्राचा खरा पत्ता वृत्ताच्या सोळा मात्रांत नेमका बसला, म्हणून राहू दिला. लोकांनी तोच उतरवला. आपापल्याकडे तारी बसवण्याऐवजी त्रेसष्ट शाळा माझ्या पडवीतून ये-जा करू लागल्या.

वेनेसाला पडवी पर्यटकांना द्यायची आहे. "पपा, ह्यां यंत्र सारख्यां घोंघावता. पावणे झोपतले खंय?" तिचे खरे आहे. पण यंत्र बंद झाले की त्या शाळांचे इंटरनेट जाईल, आणि का गेले ते कोणाला कळणार नाही. पत्रे लिहिली, फोन केले. बहुतेकांनी पत्ता बदलला. उरल्या एकवीस, यादी सोबत. शेवटची शाळा बदलेपर्यंत वेनेसाने यंत्र चालू ठेवावे, पडवी भाड्याने देऊ नये. नंतर विनीतने येऊन बंद करावे. इतर कोणी हात लावू नये.

५. कवितांचे जुने क्रमिक पुस्तक विनीतला. गाळलेली सहा पाने आत घातली आहेत. वाचण्याची सक्ती नाही.

तोंडवली, ९ नोव्हेंबर २०२५
(सही) पेद्रू सां. आल्मेडा

साक्षीदार:
१. डॉ. गुरुदास केळुसकर (सही)
२. जानकी मेस्त्री, शिक्षिका (सही)

दुरुस्ती: सही करण्याआधी जानकीबाईंनी कलम ४ वाचले आणि म्हणाल्या, "काकांनू, मी फोनार हो म्हटलंय, पण पत्तो बदलूक नाय. पोरां ता कडवां एका सुरात म्हणतत. मोडूचा कसां?" कडवे म्हणावे, पत्ता बदलावा, असे त्यांना सांगितले. त्या हो म्हणाल्या. तरीही कलम ४ मध्ये 'एकवीस' ऐवजी 'बावीस' वाचावे. पे. आ.