आलोच

ता. १२ नोव्हेंबर, दुपार

चि. चिंगीस,

मामाचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण उभं राहूनच पोट भरायचं ठरल्यावर त्याचं ऐकतो कोण!

तुझं पत्र मिळालं. तेरा वर्षांनी मामाची आठवण झाली, ती ‘शहरात काय प्यावं आणि कुठं’ हे विचारायला! तुझ्या आईला कळलं तर ती दोघांचेही कान उपटेल. पण बावीस वर्षांच्या घोडीला आता कोण अडवणार? आणि बारमागे उभ्या असलेल्या मामाला नाही विचारायचं, तर कुणाला?

तर ऐक आणि यादी करून ठेव. आधी जुन्या हॉटेलातल्या तळमजल्याच्या बारमध्ये जा. तिथला म्हातारा बारवाला जिनमध्ये काकडीची एकच चकती टाकतो. दुसरी मागितलीस तर असा बघतो, जणू तू त्याची किडनी मागितलीस. पलीकडे छापखान्याच्या जागेत नवा बार निघालाय, तिथली आल्याची बिअर घरची. पहिल्या घोटाला ठसका लागतो, दुसरा आपणहून घेतला जातो. नदीकाठच्या बोळात एकोणीस पायऱ्या उतरून कॉफी घातलेली रम मिळते. बरोबर येणाऱ्या दोन्ही मैत्रिणींना सांग, पायऱ्या उतरताना नव्हे, चढताना मोजा. उंच इमारतीच्या गच्चीवर मात्र जाऊ नका. ग्लासात कागदी छत्री खोचतात आणि आत नुसतं पाणी. नाव मोठं, लक्षण खोटं. आणि हो, रिकाम्या पोटी काही घेऊ नका.

एवढ्या चवी मला कशा ठाऊक, असं विचारशील. आमच्या धंद्यात पेय झालं की त्यात नळी बुडवायची, वरचं टोक बोटाने दाबायचं आणि अडकलेला थेंब जिभेवर सोडून बघायचा. बाकीचे गिळतात. मी थुंकतो आणि चूळ भरतो. म्हणून इथे मला ‘चूळबाबा’ म्हणतात. गिळायचं सोडून दोन वर्षं तीन महिने झाले. आधी सगळे हसायचे. आता काही बिघडलं की म्हणतात, ‘थांब, चूळबाबाला विचारू.’

एवढं सगळं लिहिलं, पण तुझ्या पत्रातली शेवटची ओळ टाळत होतो. ‘घ्यायला येऊ नकोस, आम्ही टॅक्सीने जाऊ.’

तू नऊ वर्षांची होतीस. तुला शहर दाखवून परत घरी सोडायला निघालो होतो. स्टेशनवर नळाजवळच्या बाकावर तुला बसवलं, हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि म्हणालो, ‘जागची हलू नकोस. आलोच.’ समोर बार होता. एकच घेणार होतो. चार तासांनी आलो तेव्हा गाडी कधीच गेलेली आणि तू तिथेच. स्टेशनमास्तर तुला आत बोलावत होते, तर तू त्यांना सांगत होतीस, ‘मामा आलोच म्हणालाय.’ पुड्यातली अर्धी बिस्किटं माझ्यासाठी ठेवली होतीस.

तुझ्या आईने मला दार बंद केलं, ते बरोबरच केलं. मी तिला कधी बोल लावला नाही. लावला असेल तर पिऊन. चुकलो गं मी. फार लाज वाटते.

आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्या शब्दाची मी माती केली. दारू सुटल्यापासून मी कुणालाच ‘आलोच’ म्हणत नाही. गिऱ्हाइकाने हाक मारली तर ‘पाच मिनिटं लागतील’ म्हणतो, आणि चौथ्या मिनिटाला जाऊन उभा राहतो.

शनिवारी तुमची गाडी सकाळी अकराची. मी दहालाच त्या जागी बसतो. बाक नवा आहे, नळ तोच. टॅक्सीनेच जायचं असेल तर खुशाल जा, लांबून हात केलास तरी पुरे. थांबावंसं वाटलं, तर तुम्हा तिघींना आधी माझ्या बारमध्ये नेईन. गार काळा चहा, आलं, लिंबू, संत्र्याची साल, चिमूटभर मीठ. दारूचा थेंब नाही. एवढं एकच पेय मी गिळतो. यादीत ते सगळ्यात वर लिही.

बिस्किटांचा पुडा या वेळी मी आणतो. अर्धा तुझ्यासाठी ठेवीन.

तुझा,
आधीच येऊन बसलेला
मामा