अलास्कातला गोठलेला ढीग

बाबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण २००६च्या उन्हाळ्यात एका गोठलेल्या ढिगापुढे तुमची फार आठवण आली. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातून कंपनीनं मला अलास्कात पाठवलं होतं. तिथल्या बंद सोन्याच्या खाणीतला दगड दळून टाकलेला गाळ कित्येक वर्षं दगडासारखा गोठून पडला होता. त्यात उरलेलं सोनं काढणं परवडेल का, हे मी सांगायचं होतं. पहिले नमुने इतके चांगले निघाले, की मला ते खोटेच वाटले. आपल्या मँगनीजच्या खाणीवर तुमच्या हाताखाली काम शिकत असताना मी एकदा ढिगाची वरवरची माती भरून आणली, तेव्हा तुम्ही सगळ्या प्रयोगशाळेसमोर पिशवी उलटी केली होतीत. "वरचा थर म्हणजे ढीग नव्हे. जा, खणून आण." मी रडले होते.

तुम्ही दिलेलं भिंग डोळ्याला लावून बघते, तर सोन्याचे कण गोल, गुळगुळीत. नदीत घासलेले. दळलेल्या दगडातलं सोनं असं नसतं. म्हणजे कुणीतरी नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळत होतं. नवऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "यार, रिपोर्ट साइन कर आणि घरी ये."

माझा संशय थेट ढिगात भोकं पाडून नमुने काढणाऱ्या ड्रिलरवर गेला. पिकल्या दाढीचा, अबोल माणूस. सुट्टीच्या दिवशी नदीवर सोनं चाळायचा. मी सगळ्यांदेखत विचारलं, "पिशव्यांत काय टाकलंस?"

त्यानं मशीन बंद केलं. "मी फक्त पिशव्या भरतो. त्या ठेवतात त्या शेडची किल्ली मॅनेजरकडे असते."

पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यालाच नवं भोक पाडायला सांगितलं. त्यानं ते पाडलं, माझ्याकडे एकदाही न बघता. प्रत्येक नमुन्याचे मी दोन भाग केले; एक माझ्याजवळ ठेवला, दुसरा शेडमध्ये. माझ्या भागात सोनं जवळजवळ नव्हतंच. शेडमधल्या भागात तेच गोल कण.

मॅनेजरला काढलं. प्रकल्प बंद झाला, त्यात ड्रिलरचंही काम गेलं. तो सामान ट्रकमध्ये टाकत होता, तेव्हा मी खिडकीतून बघत होते. खाली गेले नाही. रिपोर्टमध्ये मी सगळं लिहिलं. त्याला चारचौघांत चोर ठरवलं, तेवढं लिहिलं नाही.

बाबा, त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र खरं तर त्याला लिहायला बसले होते. दोनदा सुरुवात केली, धीर झाला नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.