उत्तर कोणी दिलं, याला चौकट नाही

मंगळवार, ३ जून १९८६. जयपूर
प्रश्नावलीतल्या चौकटी हा मनुष्यजातीवरचा ताजा अत्याचार मानावा. मुगाच्या दाण्याएवढ्या. बरोबरची खूण जरा बाहेर गेली की आरोग्य खात्यातल्या साहेबांचा चेहरा उतरतो. पाठशाळेत सहा वर्षं घोटून कमावलेल्या अक्षराची ही उत्तरक्रिया.
काम : जुलाबांवरच्या प्रचाराचं मूल्यमापन. गावोगाव कठपुतळ्या नाचवून मीठ-साखर-पाण्याचं गाणं शिकवलं. आता आयांना किती कळलं ते पाहायचं. गाणं माझंच. म्हणजे पोरगा आपला, परीक्षकही आपणच. एरवी मी वर्तमानपत्राला बातम्या पाठवतो, तिथे निदान चौकटी नसतात.

शुक्रवार, ६ जून
सांगानेरपलीकडचं गाव. नर्स विमलाजी बरोबर. गाणं घरोघर तोंडपाठ! कवीची छाती फुगली.
एका अंगणात सून खांबाआड, पूर्ण घुंगट, कडेवर मुलगी, वर्षाचीही नसेल. प्रश्न तिला विचारला. सासू मध्ये आली : "बीनणी ने कांई पूछो? मन्ने पूछो!" सुनेला काय विचारता, मला विचारा. चिमूटभर मीठ, मूठभर साखर, लोटाभर पाणी, सगळं चालीवर, वर कठपुतळीसारखी मान वाकवून. मी हसलो. 'आईला माहीत आहे : होय.' खूण चौकटीत अगदी मधोमध बसली.

रविवार, ८ जून
सौ.ला सासूची नक्कल करून दाखवली. लाटणं न थांबवता म्हणाली, "अहो, पण त्या पोरीला पाजतं कोण?"
"म्हणजे?"
"सासू पाजते, की तुमची कठपुतळी?"
म्हटलं, मूल्यमापकाच्या पत्नीने प्रश्नावलीबाहेरचे प्रश्न विचारू नयेत.
"बरं. चटणी घ्या."

गुरुवार, १२ जून
विमलाजी आल्या. बसल्या नाहीत. खांबाआडच्या सुनेची ती तान्ही मुलगी गेली. दोन दिवस जुलाब. सासूने पाणी तोडलं होतं. पोट वाहतंय, वरून आणखी पाणी कशाला, ही तिथली रीत.
"अहो, पण गाणं?"
"गाना तो गाना है, पंडितजी. खेल में गाते हैं."
सुनेने खेळ पाहिलाच नव्हता. खेळ चौकात, समोर सासरे-दीर बसलेले, सुना घरात. गाणं भिंतीवरून ऐकलं असेल तेवढंच. "बहू से किसी ने पूछा ही नहीं."
मी विचारलं होतं, असं म्हणणार होतो. विचारलंही होतं. थांबलो मात्र नव्हतो.

शनिवार, १४ जून
भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा पुन्हा काढला. एकेक अंगण आठवत गेलो. आई स्वतः बोलली अशी घरं मोजायला एक हात पुरला. बाकी सासवा, जावा, एका ठिकाणी तर सासरे.
साहेबांना सांगितलं. म्हणाले, "जवाब सही है न? किसने दिया, इसका ख़ाना कहाँ है?"
खरंच, तशी चौकट नाही.
अहवाल चांगला गेला तर हेच खेळ, असेच, चौकातच, आणखी जिल्ह्यांत. वाईट गेला तर सगळं बंद, आणि याच योजनेतली विमलाजींची जागाही. चुलीपर्यंत जाणारी तेवढी एकच बाई.

सोमवार, १६ जून
विमलाजींनाच विचारलं, काय करू.
"सच लिखिए. मैं कहीं और लग जाऊँगी." मग, "गाँव में फिर कौन जाएगा, यह मुझसे मत पूछिए."
 

मंगळवार, १७ जून
अहवालावर सही केलेली नाही. साहेबांचे दोन निरोप येऊन गेले. सौ. चहा ठेवून गेली, टोमणा न मारता. म्हणजे प्रकरण गंभीर.
आठवडाभर स्वतःला सांगतोय, नावाची काळजी आहे, गाण्याची आहे. तसं नाही. त्या दिवशी खांबाआड घुंगट हलला होता. ती काहीतरी म्हणणार होती. मी खाली बघून खूण करत होतो. बाकीच्या अंगणांतही कुणी असंच काही म्हणायला गेलं असेल. त्यांची मुलं अजून आहेत. जुलाबांचे दिवस आता सुरू होतील.
परत जावं म्हणतो. दारात सासवा असतीलच. त्यांना बाजूला कसं करायचं, आणि केलं तरी त्या सुना माझ्याशी का बोलतील, मला माहीत नाही. भीती एवढीच वाटते, की मी विचार करीत बसेन आणि तेवढ्यात कुठल्या तरी घरात पाणी तोडलेलं असेल.