टिल्लूची कार्डं

३ जून

ती. दादास,
नमस्कार, आणि पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू घाईत असतोस आणि मी निम्मं विसरते, म्हणून लिहायला बसले.

बाबांचा हात आता फार थरथरतो. दुकानात येणाऱ्या घड्याळांचे स्क्रू मीच बसवते आणि ते शेजारी बसून चुका काढतात. जुनी वस्तू विकत घ्यायची तर अजून त्यांचीच रीत: आपण ती पुढे कितीला विकू ते देणाऱ्याला आधी सांगायचं, मगच हात लावायचा.

काल समोरच्या शिवणकाकूंनी त्यांच्या टिल्लूचं कपाट उघडलं, तो वारल्यापासून पहिल्यांदाच. त्याच्या खेळातल्या कार्डांचा अल्बम त्यांनी काउंटरवर ठेवला. ड्रॅगनचं कार्ड वेगळं, त्यांनीच शिवलेल्या निळ्या मखमली पिशवीत. पुठ्ठ्याच्या तुकड्यांना काय मिळणार म्हणाल्या, पण अल्बम समोर दिसला की मशीनवर हात चालत नाही. खेळणाऱ्या एखाद्या पोराला गेला तर बरं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. जुनी कार्डं घेऊन विकणं हा तुझा धंदाच, आणि टिल्लूला तो नाद लावलास तूच. तेव्हा मी छातीठोकपणे सांगून टाकलं, की दादा खरा भाव सांगेल. अल्बम, पिशवीसकट, कुरिअरने पाठवते आहे. आधी भाव कळव.

वहिनीला नमस्कार. जेवणाच्या वेळा सांभाळ.
तुझी छोटी

१४ जून

चि. छोटीस,
आशीर्वाद, आणि तुझ्या काटेकोरपणाला लांबूनच नमस्कार.

अल्बम मिळाला. बरीचशी कार्डं कोपऱ्यात दुमडलेली, हाताळून मऊ पडलेली. अशांना फारसं कुणी विचारत नाही. तरी काकूंसाठी म्हणून थोडे पैसे पाठवतोय, ते त्यांना दे. अल्बम इथल्या एका मुलाला खेळायला देतो असंही सांग. भावबिव विचारत बसू नकोस. हे काही घड्याळ नव्हे, उघडून दाखवायला.

आनंदाची बातमी म्हणजे नव्या घराची बोलणी पक्की झाली. बाबांना घेऊन ये.
दादा

२१ जुलै

ती. दादास,
नमस्कार.

काल एक गृहस्थ घड्याळाचा पट्टा बदलायला आले होते. मी पट्टा बसवेपर्यंत फोनवर आपल्या छंदाच्या, विकायला आलेल्या वस्तू दाखवत बसले. त्यात निळी मखमली पिशवी होती. काकूंचा टाका मी कुठेही ओळखेन. शेजारी ड्रॅगन, कडक पेटीत बंद, आणि खाली तुझ्या दुकानाची जाहिरात: अकाली गेलेल्या मुलाचं लाडकं कार्ड, आईने हाताने शिवलेल्या पिशवीसह. भावही होता. त्यात काकूंचं वर्षाचं भाडं निघालं असतं. आपल्याआधीच दुसऱ्याने पटकावलं, म्हणून गृहस्थ हळहळत होते.

दादा, स्वस्तात घेऊन महाग विकणं हा धंदा झाला, तो बाबाही करतात. पण समोरच्याला माहीत नाही, एवढ्याच जोरावर? आणि टिल्लूचं मरणसुद्धा भावात धरलंस. ते कुणाकडून विकत घेतलंस?

बाबांनी एवढंच विचारलं, की काकूंना भाव सांगितला होता का. मी नाही म्हटलं, आणि तशीच उठून काकूंकडे जाऊन सांगून आले. कागदावर पैसे उधळतोस म्हणून टिल्लूला मी किती बोलायचे, असं काहीतरी पुटपुटल्या. मग विचारलं, की त्या कार्डाचं हे मोल त्याला ठाऊक होतं का. मला सांगता येईना. तुला येईल. तेवढं कळव.
छोटी

३० जुलै

चि. छोटीस,
आशीर्वाद.

कार्ड परत मागून पाहिलं. घेणाऱ्याने ते लगेच दुप्पट भावाने पुढे विकलंय. मी नसतं विकलं तर दुसऱ्या कुणी विकलं असतं, असं मी इथे सगळ्यांना सांगतो. तुला सांगवत नाही. पैसे नव्या घराच्या व्यवहारात गेले. काकूंना हप्त्याने देईन.

तू विचारलंस ते: हो, ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं त्याला, आपल्या दुकानाच्या बाकावर. ऐकून तो खूश नाही झाला, घाबरला. म्हणाला, आईला सांगू नकोस, तिला कळलं तर अडीनडीला विकावं लागेल. त्याला ते विकायचंच नव्हतं. पार्सल उघडलं तेव्हा हे सगळं मला आठवलं होतं.

बाबांना कळू देऊ नकोस.
दादा

७ ऑगस्ट

ती. दादास,
नमस्कार.

बाबांना मी सांगितलं. न सांगता त्यांच्याशेजारी बसून काम करणं मला जमत नाही.

काकूंना मात्र सांगू नये असंच वाटत होतं. पण दुकानासमोरून जाताना त्या दर वेळी थांबून माझ्याकडे बघायच्या. शेवटी काल गेले. त्या कुणाच्या तरी सदऱ्याला काज करत होत्या. मी म्हटलं, त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ते विकायचं नव्हतं. आईपासून लपवायला सांगितलं होतं, एवढं गाळलं. असं गाळणं मला कधी जमलं नव्हतं.

त्यांची सुई थांबली नाही. म्हणाल्या, म्हणजे मीच विकलं.

मी तुझं नाव घेतलं, माझं घेतलं. त्या ऐकायलाच तयार नाहीत. दादाला मी दिलं म्हणून त्याने विकलं, माझ्या पोराची वस्तू मीच उचलून नेली, असंच म्हणत राहिल्या. तुझे पैसे नकोत म्हणाल्या. वर मलाच पाणी दिलं.

रागाला भिऊन येत नसशील, तर ये. इथे तुझ्यावर कुणीच रागावलेलं नाही, दादा, आणि तेच मला बघवत नाही.

लोभ आहे. तो वाढवावा असं लिहायला आज हात होत नाही.
छोटी